आगाऊ रुखरुख

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. निमित्त आमची भाची. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते, आणि हे सगळं मी तिला विचारूनच लिहितेय. नाव घालायचं नाही, फोटो टाकायचा नाही आणि "आजकालची मुलं" हे शब्द वापरायचे नाहीत, या तीन अटींवर परवानगी मिळाली आहे. (अट सांगण्यापुरते वापरले ते धरायचे नाहीत, असं ठरलंय.)

विषय फोमो. फिअर ऑफ मिसिंग आउट. कॉलेजातल्या पोरापोरींच्या तोंडी हा शब्द आता "बोअर" किंवा "टेन्शन" इतका सहज असतो. "फोमो होतोय यार" हे ती हसत हसत म्हणतात, त्यामुळे घरच्यांना ते थट्टेतलंच काहीतरी वाटतं.

मराठीत याला काय म्हणावं याचा विचार करत होते. आपल्याकडे रुखरुख आहे, चुटपुट आहे, हळहळ आहे. शब्दांची काही ददात नाही. पण हे सगळे शब्द गोष्ट होऊन गेल्यावरचे. मैत्रिणीच्या लग्नाला जायचं राहिलं, रुखरुख लागली. आजारी आत्याला भेटणं झालं नाही, चुटपुट लागून राहिली. फोमोमध्ये अजून काहीच हुकलेलं नसतं. हुकेल, या नुसत्या विचारानं जीव खालीवर होत असतो. म्हणजे ही आगाऊ रुखरुख. वस्तू हातात यायच्या आधीच तिचं बिल भरत बसण्यासारखी.

आमच्या भाचीनं गेल्या सेमिस्टरला काय काय अंगावर घेतलं होतं ते सांगते. रोबोटिक्स क्लब. नाटकाच्या ग्रुपचं बॅकस्टेज, कारण पावसाळ्यात पुरुषोत्तमच्या तालमी सुरू झाल्या की अर्धं कॉलेज तिथेच असतं. मशीन लर्निंगचा ऑनलाइन कोर्स. शनिवार-रविवार जर्मन. शिवाय कुठलंसं हॅकेथॉन, आणि नेहमीची जर्नल, सबमिशनं, ओरल. यातलं तिला मनापासून काय हवं होतं? विचारलं तर म्हणाली, "नाटक. बाकीचं सगळे करत होते म्हणून." झोप चार तास. मेसची वेळ चुकायची, मग टपरीवरचा चहा आणि क्रीमरोल. ऑक्टोबरात ताप आला, दहा दिवस उतरेना. ताप व्हायरल होता, डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं. पण तापात पडल्या पडल्याही ती ग्रुपवर "मी उद्या येतेय" असे मेसेज टाकत होती, हे तिच्या रूममेटनं सांगितलं.

त्यावर ताईचा मला फोन. "तिचा मोबाइल काढून घेऊ का?"

मला वाटतं बहुतेक आईवडलांच्या मनात पहिलं हेच येतं. आणि मोबाइल अगदी निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाही. पण या शब्दाचा इतिहास बघितला तर मजा आहे. फोमो हे नाव गाजवलं पॅट्रिक मॅकगिनिस यानं. हा तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता आणि तिथल्या 'द हार्बस' या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात मे २००४ मध्ये त्यानं एक गमतीदार लेख लिहिला. एकाच संध्याकाळी चार ठिकाणी बोलावणं असलं की चारही ठिकाणी धावणारे, कुठेच नीट न बसणारे आपले वर्गमित्र त्यानं त्यात रंगवले. त्याच विद्यापीठात त्याच वर्षी फेब्रुवारीत फेसबुक सुरू झालं होतं. म्हणजे लेख आला तेव्हा फेसबुक तीन महिन्यांचं बाळ, आणि आज ज्याला आपण स्मार्टफोन म्हणतो तो बाजारात यायला अजून अवकाश होता. फोमो मात्र जन्मलेला होता. विद्यापीठाच्या आवारातच.

तिथे जन्मला यात नवल नाही. विशीतलं वय, घर सोडून आलेली हजारो माणसं एका आवारात, एकाच वेळी दहा चांगल्या गोष्टी चाललेल्या, आणि आपण नेमके कोण हे अजून ठरायचं असतं. कुठे होतो, कुणाबरोबर होतो, यावरूनच ते ठरतं असं त्या वयात वाटतं. आमच्या वेळीही वाटायचं. नव्वदच्या दशकात आमच्या होस्टेलला तळमजल्यावर एक फोन, तोही फक्त येणारा. खोली नंबर सातच्या मुली रात्रीच्या शोला गेल्या हे आम्हाला दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कळायचं. वाईट वाटायचंच. पण तोवर ती बातमी शिळी झालेली असायची. सिनेमा कसा होता हे त्यांच्या तोंडून ऐकायचं, मध्यंतरातले समोसे महाग होते हेही ऐकायचं, आणि शेवटची बस चुकल्यामुळे चालत यावं लागलं हेही. म्हणजे हुकलेली गोष्ट तिच्या खड्ड्याखळग्यांसकट पोचायची. आम्ही काही फार समंजस होतो असं नाही. बातमी उशिरा यायची आणि पूर्ण यायची, एवढाच फरक.

आता ती गोष्ट चालू असतानाच पोचते, आणि तिच्यातले फक्त समोसे पोचतात.

यात एक साधं गणित आहे, मी ते भाचीला कागदावर मांडून दाखवलं. समजा तुझ्या वर्गात साठ जण आहेत. प्रत्येक जण महिन्यातून एकदाच कुठेतरी भारी ठिकाणी जातो. राजगडावर, कॉन्सर्टला, कुणाच्या फार्महाऊसवर, कुठेही. बाकीचे एकोणतीस दिवस तो तुझ्यासारखाच मेसच्या भाजीला नावं ठेवत असतो. तरी महिन्याला साठ सहली झाल्या. म्हणजे रोज दोन. तुला रोज दोन सहली दिसतात आणि तुझी स्वतःची महिन्यात एक. साठ माणसांचं एकेक दिवसाचं सुख एकत्र करून मन ते कुठल्यातरी एकाच माणसाच्या नावावर टाकतं, आणि त्या माणसाशी आपली तुलना करतं. असा माणूस वर्गात कुणीच नाही. उलट त्या साठांतल्या प्रत्येकाला हेच दिसतंय, तुझीही सहल त्यांच्या रोजच्या दोनांत धरलेली आहे.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचे जास्त जिवलग मित्र झाले की इतरांचे? २०१७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ४८ टक्के म्हणाले, इतरांचे. ३१ टक्के म्हणाले, आमचे. आता, निम्मा वर्ग बाकीच्यांपेक्षा एकटा कसा असेल? पण प्रत्येकाला स्वतःचा रिकामा रविवार आतून माहीत असतो आणि दुसऱ्याचा फक्त कट्टा दिसतो.

दिवाळीतली गोष्ट सांगते. भाची सांगलीला आली होती, चार दिवस. आमच्या आईनं म्हणजे तिच्या आजीनं अनारसे केले होते, आणि जाळी पडली म्हणून आई खूश होती. भाचीनं आजीचा ताटासकट फोटो काढून स्टेटसला टाकला आणि मग तासभर तोंड पाडून बसली, कारण तिकडे सहा जणी हरिश्चंद्रगडावर गेल्या होत्या. तंबू, शेकोटी, आकाशात चांदणं, सगळं साग्रसंगीत. सुट्टी संपवून परत गेल्यावर त्यातलीच एक तिला म्हणाली, "तुझ्या आजीचा फोटो मी रात्री तंबूत तीनदा बघितला." त्या मुलीच्या घरी या वर्षी दिवाळी नव्हती. घरी जायला नको म्हणून ती गडावर गेली होती.

हे ऐकल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसले.

असो. तर ताईच्या प्रश्नाकडे येते. मोबाइल काढून घ्यावा का? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना सांगितलं, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट, प्रत्येकाला दिवसाला दहा मिनिटं, बास. बाकीच्यांना नेहमीसारखं वापरा म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी, ज्यांनी वापर कमी केला त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झालेली दिसली. इथवर ताईच्या बाजूचंच आहे. पण गंमत पुढे. फोमो आणि घोर दोन्ही गटांत कमी झाला! ज्यांच्यावर काही बंधन नव्हतं त्यांच्यातसुद्धा. आपण किती वेळ कुठे घालवला याचे स्क्रीनशॉट मात्र दोन्ही गटांना पाठवावे लागत होते, आणि स्वतःवर नजर राहिली याचाच तो गुण असावा असं संशोधकांचं म्हणणं. म्हणजे मुलांनी स्वतःचं स्वतः बघितलं तर उपयोग होतो. आईनं कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या फोनचा तसा होईल असं मला वाटत नाही. शिवाय वर्गाचं वेळापत्रक, सबमिशनच्या तारखा, मेसचा मेनू, सगळं व्हॉट्सॲपवरच येतं. फोन काढून घेतलेल्या मुलीचं खरोखरच सगळं हुकेल!

आणि फोन नसला तरी हे सुटत नाही. कॅनडातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात (हाही २०१८चा) पहिल्या वर्षाच्या मुलांना दिवसातून अनेक वेळा विचारत गेले, आत्ता तुला काही हुकतंय असं वाटतंय का. वाटण्याचं प्रमाण संध्याकाळी जास्त, आठवड्याच्या शेवटी जास्त, आणि अभ्यास किंवा नोकरीचं काम करताना जास्त. ज्यांना ते वारंवार वाटे त्यांच्यात सेमिस्टरभर थकवा, ताण, झोपेची बोंब हेही जास्त. फोनवर कळलं काय किंवा कुणी तोंडी सांगितलं काय, वाटायचं ते वाटतंच, असंही त्यात निघालं. शुक्रवारी संध्याकाळी लायब्ररीत बसलेल्या कुणालाही हे सांगायला अभ्यासाची गरज नाही म्हणा.

इथपर्यंत सहली आणि पार्ट्यांचं झालं. पण मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या फोमोची. सहल हुकली तर मुलं दोन दिवसांत विसरतात. संधी हुकली, ही भीती मात्र रात्रीची झोप खाते, आणि तिला आपण सगळे मिळून खतपाणी घालतो. लिंक्डइन उघडा. जो तो काहीतरी "अनाउन्स" करायला "थ्रिल्ड" आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांना वाटतं इंटर्नशिप आत्ताच हवी. कॉलेजांच्या फाटकावर लावलेले फ्लेक्स बघा. पासपोर्ट फोटोखाली सर्वांत मोठं पॅकेज ठळक आकड्यात. ते एकाला मिळालेलं असतं, दिसतं मात्र रोज आत जाणाऱ्या दोन हजारांना. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी हीच कॉलेजं नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यांक देतात, म्हणजे अगदी मधल्या मुलाला किती मिळालं तो आकडा. तो कागद बहुतेक कॉलेजांच्या वेबसाइटवर कुठल्यातरी कोपऱ्यात सापडतो. फ्लेक्सवर तो छापलेला मी अजून कुठे पाहिला नाही. आईवडलांनी प्रवेश घेण्याआधी एकदा तो काढून वाचावा, फार डोळे उघडतात.

आणि आता नातेवाईक मंडळी, तुमच्याकडे वळते. तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. आपल्या घरच्या ग्रुपवर गेल्या सहा महिन्यांत या पोरीला काय काय पाठवलं गेलं ते मी मुद्दाम वर जाऊन बघितलं. "एआयमुळे या दहा नोकऱ्या जाणार." "अमक्याच्या मुलाला जर्मनीत शंभर टक्के स्कॉलरशिप." "बाकीची मुलं काय करतायत? तू पण कर ना." हे सगळं प्रेमापोटी, शंकाच नाही. पण मोबाइल वाईट म्हणायचं आणि त्याच मोबाइलवर हे पाठवायचं, याला काय म्हणावं? जर्मनचा क्लास तिनं इन्स्टाग्राम बघून लावला नव्हता. तो आपल्या ग्रुपवरून लागला होता.

२०१३ साली इंग्लंड-अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी फोमो मोजायची दहा प्रश्नांची एक पट्टी तयार केली. त्यांना असं आढळलं की तीन गोष्टी ज्यांना कमी पडतात त्यांच्यात फोमो जास्त. एक, मला काहीतरी जमतं ही भावना. दुसरी, माझं मी ठरवतो ही. तिसरी, माझी माणसं आहेत ही. यातली मधली गोष्ट आपल्या घरांतून किती मिळते? शाखा बाबांनी ठरवलेली, कॉलेज कटऑफनं ठरवलेलं, ऐच्छिक विषय "स्कोप" बघून घेतलेला. ज्यानं स्वतः काही निवडलं आहे त्याला बाकीच्या चार गोष्टी सोडता येतात, कारण कशासाठी सोडल्या ते त्याला माहीत असतं. ज्यानं काहीच निवडलं नाही त्याला सगळंच हुकतंय असं वाटणार. मला या सगळ्या प्रकरणाची मेख इथेच दिसते, फोनमध्ये त्यापेक्षा कमी दिसते.

यावर उतारा म्हणून जोमो नावाचाही एक शब्द आहे, जॉय ऑफ मिसिंग आउट. तो आपल्याच जातीच्या माणसानं म्हणजे अनिल डॅश या अमेरिकेतल्या ब्लॉगरनं २०१२ साली आपल्या ब्लॉगवर लिहिला. मुलगा झाल्यावर घरी बसण्यातला आनंद, असं काहीसं. शब्द गोड आहे. पण तो सरसकट सगळ्या विद्यार्थ्यांना ऐकवायला माझी जीभ रेटत नाही. पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजनेत काम करणारी मुलं आहेत. तालुक्याच्या गावाहून आलेली, दर महिन्याला मेसचं बिल कसं भरायचं या विवंचनेत असलेली मुलं आहेत. वर्गातली सहल निघाली की दीड-दोन हजारांची काँट्री असते, आणि मग ती म्हणतात, "मला ट्रेकिंग आवडत नाही." त्यांचं हुकणं ही भीती नाही, ते खरोखरच हुकतंय. त्यांना "हुकण्यात आनंद मान" सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे फायदे सांगणं. आनंदानं न जाण्यासाठी आधी जाता येणं शक्य असावं लागतं. इथे उपाय वेगळा आहे, आणि तो बराचसा वर्गातल्या बाकीच्यांच्या हातात आहे. सहल सिंहगडाला पीएमपीनं काढली तर शंभर-दोनशेत होते, पिठलं-भाकरीसकट. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, पण मग फोटो सगळ्यांच्यासारखेच येतात ना." येऊ देत की!

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न्यायची नाही. झोप, भूक दोन-तीन आठवडे गेलेली असेल, पोर खोलीबाहेर पडत नसेल, सगळं संपल्याची भाषा करत असेल, तर त्याला फोमो म्हणून हसण्यावारी नेऊ नका. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नंबर फोनमध्ये घालून ठेवा, आपल्याही.

आमच्या भाचीचं काय झालं ते विचारालच. या सेमिस्टरला तिनं नाटक ठेवलंय, लाइट्स करतेय. रोबोटिक्स सोडलं. मशीन लर्निंगचा कोर्स पुढच्या वर्षी बघू म्हणतेय. स्टेटस बघणं काही सोडलेलं नाही, पण रोज रात्री किती वेळ गेला तो आकडा रूममेटला दाखवते, आणि रूममेट तिचा दाखवते. हरणारीनं सकाळचा चहा आणायचा. झोप सहा तासांवर आली आहे. परवा फोनवर म्हणाली की शनिवारी सगळ्या जणी कुठेतरी गेल्या होत्या आणि ही तालमीला होती. "मग, फोमो?" मी विचारलं. "झाला ना," म्हणाली, "नऊ वाजेपर्यंत. मग एक दिवा उडाला, त्या गडबडीत विसरले."

गणपतीत ती दोन दिवस येईल. पॅकेज, जर्मनी, एआय यांतलं काही जेवताना काढायचं नाही, अशी सगळ्यांना विनंती आहे. नाटक कशावर आहे ते विचारा. आणि ताई, जर्मनच्या फीचे पैसे परत मिळत नाहीत, मी क्लासला फोन करून विचारलंय.